सायबर सुरक्षेचा पेपर पास, पण विद्यार्थी शिकले काय? हे मोजायचं कसं?

'फिशिंग म्हणजे काय? व्याख्या लिहा.' 'सायबर गुन्ह्यांचे कोणतेही चार प्रकार सांगा.' सायबर सुरक्षेच्या पहिल्यावहिल्या कोर्सच्या प्रश्नपत्रिकेत असे प्रश्न सर्रास दिसतात. पाठांतर चांगलं असेल तर पैकीच्या पैकी गुण मिळतात. पण त्याच विद्यार्थ्याच्या व्हॉट्सॲपवर ओळखीच्या नंबरवरून 'लग्नपत्रिका' नावाची एपीके फाइल आली, तर तो ती उघडेल की नाही, हे त्या गुणांवरून कळत नाही.

जळगावच्या मेहरूणसारख्या भागात याला जास्तच महत्त्व आहे. कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी अनेकदा घरातला 'फोनचा जाणकार' असतो. आईचं यूपीआय, आजोबांची पेन्शन, काकांच्या शेतीचं अनुदान, धाकट्या भावाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळं त्याच्याच हातून होतं. सायबर सुरक्षेचं प्रमाणपत्र मिळालं की घरच्यांचा भरवसा आणखी वाढतो. तो भरवसा खऱ्या समजेवर आहे की पाठ केलेल्या व्याख्येवर, हे तपासायचं कसं? जगभरातल्या अभ्यासकांनी यावर काम केलं आहे आणि त्यातलं बरंचसं साध्या वर्गातही वापरता येतं.

हा विषय सगळ्या शाखांत आला कसा?

मेहरूणमध्ये इकरा शिक्षण संस्थेचं एच. जे. थीम कला व विज्ञान महाविद्यालय आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येतात, ते विद्यापीठ शहराबाहेर, गिरणा नदीपलीकडे बांभोरीजवळ आहे. १९९० मध्ये पुणे विद्यापीठापासून वेगळं झालेल्या या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव देण्यात आलं.

पूर्वी सायबर सुरक्षा म्हणजे संगणकशास्त्राच्या किंवा इंजिनिअरिंगच्या मुलांचा विषय, असं चित्र होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी आणि पदव्युत्तर पातळीवर शिकवता येईल असा सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम जाहीर केला. तो कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला घेता यावा असा आहे. पदवीच्या अभ्यासक्रमात सायबर सुरक्षेची ओळख, सायबर गुन्हे आणि कायदा, समाजमाध्यमांची सुरक्षा, ई-कॉमर्स व डिजिटल पेमेंट, आणि मोबाइल-संगणकाची सुरक्षा असे पाच भाग आहेत. पुढे २०२४-२५ पासून महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांतही नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि मुख्य विषयाबरोबर कौशल्याचे व मूल्यशिक्षणाचे छोटे कोर्स घेणं आलं. सायबर सुरक्षेसारख्या विषयाला त्यात सहज जागा मिळते.

म्हणजे आता बी.ए.ला इतिहास घेतलेली मुलगीही हा विषय शिकू शकते. तिला हॅकर व्हायचं नाही. तिची परीक्षा कशी घ्यायची, हा प्रश्न त्यामुळे नव्याने उभा राहतो.

'शिकले' म्हणजे नेमकं काय?

सोयीसाठी शिकण्याच्या तीन पायऱ्या धरता येतात.

- माहिती: ओटीपी, मालवेअर, टू-फॅक्टर या शब्दांचे अर्थ माहीत असणं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा आहे, हे सांगता येणं.
- समज: नवा, आधी न पाहिलेला प्रसंग समोर आला तर धोका कुठे आहे, कोणापासून आहे आणि काय केल्याने तो कमी होईल, हे ओळखता येणं.
- सवय: कळलेली गोष्ट रोजच्या वापरात करणं. फोन अपडेट ठेवणं, एकच पासवर्ड सगळीकडे न वापरणं, घाईत पिन न टाकणं.

या तीन गोष्टी एकाच प्रश्नाने मोजता येत नाहीत. लेखी पेपर पहिली पायरी चांगली मोजतो. दुसरीसाठी वेगळ्या घडणीचे प्रश्न लागतात. तिसरीसाठी तर कागद-पेन अपुरं पडतं. नुसत्या माहितीच्या परीक्षेवरून 'विद्यार्थी आता सुरक्षित आहेत' असा निष्कर्ष काढला, तर तिथेच फसगत होते.

व्याख्येच्या प्रश्नात अडचण काय?

पहिली अडचण अशी की माहिती शिळी होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ए घ्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, तेव्हा हे कलम देशभर गाजलं. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात ते घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. जुन्या नोट्सवरून पाठांतर करणारा विद्यार्थी आजही '६६ए नुसार शिक्षा' असं लिहू शकतो. तपासणाऱ्यानेही जुनीच उत्तरसूची हातात धरली असेल, तर त्याला गुणही मिळतील.

दुसरी अडचण अशी की फसवणूक स्वतःचं नाव सांगून येत नाही. फोनवरचा माणूस 'मी फिशिंग करतोय' म्हणत नाही. तो म्हणतो, 'ताई, तुमचं आजच्या आज केवायसी झालं नाही तर खातं बंद होईल.' शब्दावरून व्याख्या आठवणं सोपं असतं. प्रसंगावरून शब्द, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढची कृती सुचणं, ही खरी कसोटी असते.

भौतिकशास्त्राच्या वर्गाने दिलेला धडा

अशी कसोटी पहिल्यांदा गाजली ती सायबर सुरक्षेत नव्हे, तर भौतिकशास्त्रात. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्य विद्यापीठाशी संबंधित डेव्हिड हेस्टेन्स, माल्कम वेल्स आणि ग्रेग स्वॅकहॅमर यांनी 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी' ही चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड नव्हती. साधे प्रसंग होते आणि चुकीचे पर्याय मुद्दाम निवडलेले होते. लोकांचे गती आणि बलाबद्दल जे नेहमीचे गैरसमज असतात, तेच पर्याय म्हणून दिले होते. सूत्रं वापरून गणितं सोडवणारी मुलंही या साध्या प्रश्नांत अडखळली. परीक्षेत गुण आणि डोक्यात जुनाच गैरसमज, हे दोन्ही एकत्र नांदू शकतात, हे त्यातून दिसलं.

याच धर्तीवर सायबर सुरक्षेसाठी चाचणी बनवण्याचं काम २०१४ पासून अमेरिकेत 'कॅट्स' या प्रकल्पात सुरू झालं. मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेतले ॲलन शर्मन, लिंडा ऑलिव्हा, धनंजय फाटक आणि इलिनॉय विद्यापीठातले जेफ्री हर्मन ही त्यातली काही नावं. त्यांनी दोन चाचण्या बनवायला घेतल्या: एक पहिल्या कोर्सनंतरची, दुसरी पदवीच्या शेवटी घ्यायची.

आधी प्रश्न लिहायला न बसता त्यांनी तज्ज्ञांना विचारलं, की पहिल्या कोर्समध्ये काय यायलाच हवं? तज्ज्ञांनी प्रत्येक विषयाला तीन निकषांवर गुण दिले: तो किती महत्त्वाचा आहे, किती अवघड आहे आणि किती काळ टिकणारा आहे. टिकण्याचा निकष कळीचा आहे. आजचं ॲप उद्या बंद होईल, पण 'समोरचा माणूस तोच आहे का, हे कसं ठरवायचं?' हा प्रश्न राहील. यातून पहिल्या कोर्ससाठी पाच मूळ गोष्टी पुढे आल्या:

- कच्चे दुवे आणि बिघाड ओळखणं
- गोपनीयता, अचूकता, उपलब्धता आणि ओळख-पडताळणी यांवर होणारे हल्ले ओळखणं
- बचावाचा उपाय आखणं
- सुरक्षेचं उद्दिष्ट काय आहे, हे ठरवणं
- लक्ष्य कोण आणि हल्लेखोर कोण असू शकतो, हे ओळखणं

यात एकही व्याख्या नाही. पाचही गोष्टी 'करून दाखवायच्या' आहेत.

चुकीचं उत्तर जास्त बोलतं

या गटाने विद्यार्थ्यांसमोर प्रसंग ठेवले आणि विचार करताना मोठ्याने बोलायला सांगितलं. तीन वेगवेगळ्या संस्थांतल्या अशा २५ मुलाखतींचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गैरसमजांचे चार गट दिसले. हे चार गट जळगावच्या रोजच्या व्यवहारांतल्या उदाहरणांवरून असे समजून घेता येतात.

१. एकाच गोष्टीवर सगळं ढकलणं. 'व्हॉट्सॲप एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे आलेला मेसेज सुरक्षित.' एन्क्रिप्शनमुळे वाटेत तिसऱ्याला मेसेज वाचता येत नाही. पाठवणाराच ठग असेल, किंवा मित्राचा फोन ठगाच्या ताब्यात असेल, तर एन्क्रिप्शनचा काही उपयोग नाही.

२. दोन गोष्टींची सरमिसळ. 'वेबसाइटला कुलपाचं चिन्ह आहे, म्हणजे साइट खरी.' कुलूप एवढंच सांगतं की त्या साइटशी चाललेलं बोलणं बंद पाकिटात आहे. साइट प्रामाणिक आहे की नाही, हे ते सांगत नाही. यूपीआयमध्येही असंच होतं. पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी पिन लागत नाही. ही सरमिसळ ज्याच्या डोक्यात आहे, तो 'पैसे मिळवण्यासाठी' पिन टाकून मोकळा होतो.

३. पूर्वग्रह. 'हल्लेखोर म्हणजे लांबच्या देशातला हॅकर.' प्रत्यक्षात फोन दुरुस्तीला दिलेल्या दुकानातला माणूस, ऑफिसातला जुना कर्मचारी किंवा पासवर्ड माहीत असलेला नातेवाईकही धोका होऊ शकतो.

४. चुकीचं गृहीतक. 'माझ्या खात्यात तीनशे रुपये आहेत, मला कोण लुटणार?' ठगाला त्या तीनशे रुपयांत रस नसतो. त्याला चोरीचे पैसे फिरवायला कोणाचं तरी खातं हवं असतं. 'खातं वापरायला दे, महिन्याला कमिशन घे' या आमिषाला भुललेला विद्यार्थी लुटला जात नाही, तो गुन्ह्यात अडकतो.

शिक्षकासाठी याचा अर्थ सरळ आहे. किती जण चुकले, यापेक्षा ते कोणता पर्याय निवडून चुकले, हे बघितलं तर पुढचा तास कशावर घ्यायचा ते कळतं.

चांगला प्रश्न कसा दिसतो?

कॅट्स प्रकल्पाच्या प्रश्नांत एक प्रसंग, एक प्रश्न आणि पाच पर्याय असतात. तीच पद्धत इथल्या प्रसंगाला लावून बघता येते.

*प्रसंग: मेहरूण तलावाजवळच्या एका किराणा दुकानात पैशांसाठी क्यूआर कोड चिकटवलेला आहे. दिवसभर गिऱ्हाइकांच्या फोनवर 'पेमेंट यशस्वी' असं येतं. संध्याकाळी दुकानदाराच्या खात्यात अर्धेच पैसे दिसतात. सर्वांत आधी काय तपासायला हवं?*

- क) दुकानदाराच्या फोनमध्ये अँटिव्हायरस आहे का
- ख) गिऱ्हाइकांनी पिन कोणाला सांगितला का
- ग) स्कॅन केल्यावर दिसणारं नाव दुकानदाराचंच आहे का
- घ) यूपीआयचं एन्क्रिप्शन तुटलं आहे का
- ङ) दुकानाचा वायफाय पासवर्ड सोपा आहे का

योग्य उत्तर 'ग'. मूळ कोडवर दुसरा कोड चिकटवला असण्याची शक्यता सर्वांत आधी बघायला हवी. यात फोन, पिन, एन्क्रिप्शन सगळं व्यवस्थित असूनही पैसे जातात. 'क' निवडणाऱ्याला प्रत्येक दुखण्यावर अँटिव्हायरस हेच औषध वाटतं. 'घ' निवडणाऱ्याला हल्ला म्हणजे फक्त तांत्रिक तोडफोड वाटते. गिऱ्हाइकाला पैसे गेल्याचं आणि दुकानदाराला न आल्याचं दिसतं, म्हणजे गडबड नेमकी कोणत्या टप्प्यावर आहे, हा विचार या प्रश्नातून तपासला जातो.

थोड्या पुढच्या पातळीसाठी पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण उत्तम आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये या सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले आणि १३ ऑगस्टला स्विफ्ट यंत्रणेतून जवळपास १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेऐवजी हल्लेखोरांनी आपलीच बनावट यंत्रणा मध्ये बसवली होती. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं.

इथे विद्यार्थ्यांना विचारता येतं: 'खातेदारांनी ओटीपी सांगितला नसता तर हा हल्ला टळला असता का?' उत्तर नाही असं आहे, कारण कच्चा दुवा खातेदाराकडे नव्हताच. 'ओटीपी कोणाला सांगू नका' एवढाच मंत्र ज्याने पाठ केला आहे, तो इथे अडतो. कच्चा दुवा शोधायला शिकलेला विद्यार्थी मंजुरी देणाऱ्या यंत्रणेकडे बोट दाखवतो.

परीक्षेत खरे संदेशही हवेत

बनावट मेसेज ओळखायची चाचणी घेताना एक चूक हमखास होते: सगळे नमुने बनावटच दिले जातात. मग 'सगळंच खोटं' म्हणणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात.

समजा, २० संदेश दिले, त्यात १० खरे आणि १० बनावट. पहिल्या विद्यार्थ्याने सगळे बनावट ठरवले. त्याने १० बनावट पकडले, पण १० खरेही नाकारले. दुसरीने ८ बनावट पकडले आणि ९ खरे बरोबर ओळखले. फक्त बनावट संदेश मोजले तर पहिला पुढे. दोन्ही मोजले तर पहिल्याला २० पैकी १० आणि दुसरीला १७.

हा फरक व्यवहारात महत्त्वाचा आहे. खरा मेसेज खोटा समजून सोडला, तर कॉलेजची फी भरायची तारीख चुकते किंवा 'तुमच्या खात्यातून पैसे वजा झाले' हा बँकेचा खरा इशाराही नजरेआड होतो. सगळ्याला घाबरणं म्हणजे सावध असणं नव्हे.

कोर्सच्या आधीही चाचणी घ्या

शेवटी वर्गाची सरासरी ७५ आली, तर कोर्स चांगला झाला का? सांगता येत नाही. मुलांना पहिल्या दिवशीच ७० येत असतील, तर कोर्सने फार काही दिलं नाही. म्हणून आधी आणि नंतर अशी दोनदा, सारख्याच अवघडपणाची चाचणी घ्यावी लागते.

भौतिकशास्त्रात रिचर्ड हेक यांनी यासाठी एक सोपं माप वापरलं. मिळू शकणाऱ्या वाढीपैकी किती वाढ प्रत्यक्षात झाली, ते बघायचं. एका वर्गाची सरासरी ४० वरून ६४ झाली. वाढायला ६० गुणांची जागा होती, २४ वाढले, म्हणजे ०.४०. दुसऱ्या वर्गाची ७० वरून ८२ झाली. जागा ३० ची होती, १२ वाढले, म्हणजे पुन्हा ०.४०. शेवटचे गुण वेगळे, पण शिकवण्याचा परिणाम सारखाच. १९९८ मध्ये हेक यांनी ६२ कोर्समधल्या साडेसहा हजार विद्यार्थ्यांची आकडेवारी मांडली. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत हे माप सरासरी ०.२३ आलं, तर विद्यार्थ्यांना चर्चेत आणि कृतीत गुंतवणाऱ्या वर्गांत ०.४८.

तिसरी चाचणी आणखी महिन्याभराने घेता आली तर उत्तमच. पोन्नुरंगम कुमारगुरू आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ५१५ जणांवर केलेल्या २००९ च्या अभ्यासात प्रशिक्षणाचा परिणाम २८ दिवसांनंतरही टिकल्याचं दिसलं होतं. याउलट, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॅन डिएगोच्या आरोग्य संस्थेतल्या १९,५०० हून अधिक कर्मचाऱ्यांवरच्या आठ महिन्यांच्या अभ्यासात, प्रशिक्षण घेतलेल्यांचं फसण्याचं प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा सरासरी फक्त १.७ टक्क्यांनी कमी होतं. शिकवण्याची पद्धत बदलली की परिणामही बदलतो. त्यामुळे 'शिकवलं म्हणजे आलं' असं गृहीत न धरता मोजत राहावं लागतं.

प्रश्नपत्रिकेचीही परीक्षा हवी

प्रश्न चांगला आहे की नाही, हे उत्तरांवरूनच तपासता येतं. ६० जणांचा वर्ग धरा. एकूण गुणांनुसार वरचे १६ आणि खालचे १६ जण वेगळे काढा. एखादा प्रश्न वरच्या गटात १४ जणांनी आणि खालच्या गटात ५ जणांनी बरोबर सोडवला असेल, तर फरक ९. त्याला १६ ने भागलं की ०.५६ येतं. हा प्रश्न समज असलेला आणि नसलेला विद्यार्थी नीट वेगळा करतो. उलट, वरच्या गटात ६ आणि खालच्या गटात ९ जण बरोबर असतील, तर प्रश्नातच खोट असण्याची शक्यता मोठी. भाषा दुहेरी असेल किंवा उत्तरसूची चुकली असेल.

पाच पर्याय असतील तर डोळे मिटून खूण करणाऱ्यालाही सरासरी २० टक्के मिळतात, हेही लक्षात ठेवावं लागतं. वर्गाची सरासरी २५ टक्के आली, तर त्याचा अर्थ 'थोडं येतं' असा घेऊ नये.

सवय कशी तपासायची?

अनुदान आयोगाच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकांची यादी आहे: फोनमध्ये टू-फॅक्टर सुरू करणं, ॲपना दिलेल्या परवानग्या तपासणं, वायफायची सुरक्षा, यूपीआय आणि वॉलेटच्या सेटिंग, सायबर तक्रारीसाठी लागणाऱ्या गोष्टींची यादी. यातली प्रत्येक गोष्ट करून दाखवायची आहे. टू-फॅक्टरवर टिपण लिहून घेतलं, तर प्रात्यक्षिकाचा पुन्हा लेखी पेपर होतो.

प्रत्यक्ष करून घेताना मात्र काही पथ्यं पाळायला हवीत.

- विद्यार्थ्याचा खासगी फोन शिक्षकाने हातात घेऊ नये, स्क्रीनशॉट गोळा करू नयेत. कॉलेजच्या किंवा सरावाच्या उपकरणावर करून घ्यावं.
- अनेक घरांत एकच फोन सगळे वापरतात. स्वतःचा फोन नसलेल्याचे गुण त्या कारणाने जाऊ नयेत.
- तक्रार नोंदवण्याचा सराव कोऱ्या नमुना अर्जावर करावा. सरावासाठी हेल्पलाइनला फोन करू नये किंवा खऱ्या पोर्टलवर खोटी तक्रार टाकू नये.
- वर्गाला न सांगता खोटे फिशिंग मेल पाठवायचे असतील, तर संस्थेची लेखी परवानगी हवी. कोण फसलं त्याची नावं जाहीर करू नयेत. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली येतं, मग हेतू शिकवण्याचा का असेना.

'तुम्ही पासवर्ड बदलता का?' अशा प्रश्नावलीवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. 'हो' लिहायला काहीच लागत नाही, आणि विचारणारे सरच असतील तर नाही कोण लिहिणार? निनावी प्रश्नावली थोडी जास्त खरं सांगते. घरी लिहून आणायच्या निबंधाचंही तसंच. एआय चॅटबॉट तो मिनिटात लिहून देतो. त्याऐवजी पाच मिनिटांची तोंडी परीक्षा, 'हा मेसेज बघ आणि तुझ्या मनात काय येतं ते बोलत जा', जास्त सांगून जाते.

पेपर सायबरचा की इंग्रजीचा?

जळगावच्या वर्गात मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा वेगवेगळ्या माध्यमांतून आलेली मुलं एकत्र बसतात. कोणाच्या घरी अहिराणी, कोणाच्या घरी लेवा गणबोली. प्रश्न अवघड इंग्रजीत असेल, तर चुकलेलं उत्तर समजेतली उणीव दाखवतं की भाषेतली, हे सांगता येत नाही. शिवाय ठग फोनवर पुस्तकी इंग्रजीत बोलत नाही. प्रसंग साध्या मराठीत, शक्य असेल तिथे उर्दूतही द्यावा. ओटीपी, लिंक, पासवर्ड हे शब्द तसेच ठेवावेत, कारण लोक तेच वापरतात. 'संकेतशब्द' लिहिल्याने प्रश्न सोपा होत नाही.

एका सत्रात काय जमेल?

यासाठी वेगळी प्रयोगशाळा किंवा महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. तीस तासांच्या कोर्सला पुरेल असा आराखडा असा असू शकतो:

- पहिल्या तासाला प्रसंगांवर आधारित १५ प्रश्नांची चाचणी, गुण न देता.
- दर दोन आठवड्यांनी एक प्रसंग. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी चर्चा करून पुन्हा.
- मध्यावर २० संदेशांची खरे-बनावट चाचणी, दोन्ही बाजू मोजून.
- प्रात्यक्षिकात तीन कामं करून दाखवणं.
- शेवटी पहिल्या चाचणीसारखीच, पण प्रसंग बदललेली चाचणी आणि वाढीचा हिशोब.
- व्याख्या आणि कायद्याचे प्रश्नही ठेवावेत, पण एकूण गुणांच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नकोत.

प्रसंगांच्या यादीत एक प्रश्न हमखास असावा: 'घरच्यांच्या खात्यातून आत्ताच पैसे गेले. पुढच्या दहा मिनिटांत काय काय कराल? क्रमाने लिहा.' उत्तरात १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला लगेच फोन, बँकेला कळवून खातं किंवा कार्ड थांबवणं, व्यवहाराचा क्रमांक आणि मेसेज जपून ठेवणं, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, एवढं यायला हवं. पैसे ठगाने पुढे फिरवण्याआधी तक्रार पोहोचली, तर ते मधल्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. 'आधी घरी कोणाला सांगणार नाही, स्वतःच शोध घेईन' असं बऱ्याच जणांनी लिहिलं, तर पुढचा तास त्यावरच घ्यायला हवा.